फँटसी मालिकेचा मराठी विकी: बेळगाव-खानापूरच्या वाचकांनी मिळून कसा करायचा

आवडत्या फँटसी मालिकेतली माणसं, राज्यं, वंशावळी, लढाया, तलवारींची नावं हे सगळं एका जागी नीट लिहून ठेवावं असं बऱ्याच जणांना वाटतंय, आणि आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असे वाचक लई आहेत, फक्त जो तो आपापल्या घरात एकटा वाचत बसलाय. इंग्रजीत असे विकी (म्हणजे वाचकांनीच मिळून लिहायची-सुधारायची संकेतस्थळं) वीसेक वर्षांपासून आहेत. मराठीत जवळपास मोकळं रान आहे, आणि मराठीतनं वाचणाऱ्या पोरांना तिसऱ्या पुस्तकात एखादं नाव आलं की हा कोण होता ते शोधायला इंग्रजी पानावरच जावं लागतंय. हे काम चार-पाच जणांनी मिळून कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरणं टॉल्किन या इंग्रजी लेखकाच्या पुस्तकांतली (द हॉबिट, लॉर्ड ऑफ द रिंग्ज) घेतोय, कारण ती बऱ्याच जणांनी वाचलीत आणि त्यांच्यात या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकदमच बघायला मिळतात. तुमची मालिका वेगळी असली तरी पद्धत हीच.

सगळ्यात आधी एक नियम, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. विकीतलं प्रत्येक वाक्य कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या प्रकरणातनं आलंय ते दाखवता आलं पाहिजे. गणपती मंडळ वर्गणी घेतली की पावती फाडतंय की, तसं. आमच्या ग्रुपमध्ये आता "पावती कुठाय?" एवढंच विचारतात आणि समोरच्याला कळतंय. पावती नसलेलं वाक्य कितीही भारी असूदे, मुख्य पानावर जात नाही.

माणसं आणि वाटणी

सुरुवातीला चार ते सहा जण पुरेत. वीस जणांचा ग्रुप केला तर पंधरा जण फक्त मेसेज वाचतात. सगळ्यांनी सगळी पुस्तकं वाचलेली असायची गरज नाही, उलट एखादा पहिल्यांदाच वाचणारा असला तर लई फायदा होतोय, कारण पान वाचून काय कळत नाही ते तोच सांगू शकतो.

कामाची वाटणी पात्रांप्रमाणे करू नका. हे मी जोर देऊन सांगतोय कारण बहुतेक जण हीच वाटणी पहिल्यांदा करतात, तू गँडाल्फ घे, मी ॲरागॉर्न घेतो, आणि मग आवडत्या चार पात्रांची पानं भरभरून होतात आणि वाटेतली गावं, सराया, किरकोळ राजे, नद्या, घोड्यांची नावं यांना कोणी हातच लावत नाही. प्रकरणांप्रमाणे वाटा. एकाने एक प्रकरण घ्यायचं आणि त्यात जे जे नाव आलंय त्या सगळ्यांची नोंद करायची, आवडतं असो नसो. दुसऱ्याने तेच प्रकरण उघडून नोंदी तपासायच्या. नोंद करणारा आणि तपासणारा एकच नसावा एवढं पाळलं तरी निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

आणखी दोन कामं कायमची एकेकाकडे द्यायची. एक नावांची यादी सांभाळणारा (त्याच्याबद्दल खाली), आणि एक मराठी वाचून बघणारं माणूस. हे दुसरं काम घरातल्या मोठ्यांना द्या असं मी म्हणेन. आमच्यात शहापूरच्या एक मावशी आहेत, रिटायर्ड शिक्षिका, त्यांनी मालिका वाचलेली नाही, पण "त्याच्याद्वारे तलवार उचलली गेली" असलं वाक्य दिसलं की त्या लगेच म्हणतात, "अरे, त्याने तलवार उचलली असं लिही की." आम्ही इंग्रजीतनं वाचतो आणि मराठीत लिहितो म्हणून असली वाक्यं सारखी येतात, आणि ती आपल्याला स्वतःला दिसत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या ग्रुपला नाही. गोकाक, चिक्कोडीकडचे मित्र कन्नड माध्यमात शिकलेले असतात, मराठी बोलतात पण लिहायला बिचकतात. त्यांना लांब ठेवू नका. त्यांना नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करू दे, पावती बरोबर असली म्हणजे झालं, मराठी वाक्य दुसरा कोणीतरी करतोय. आणि तपासणीला अशी माणसं फार चांगली, ती नुसती ओघात वाचून पुढे जात नाहीत.

कुठली प्रत धरायची

इथे घाई केली तर पुढे सगळं उलटं करावं लागतंय. एकाकडे जुनी इंग्रजी प्रत, एकाकडे मराठी अनुवाद, एकाकडे मोबाईलवर ईबुक, आणि पान नंबर कुणाचाच कुणाशी जुळत नाही. म्हणून पावतीत पान नंबर लिहायचाच नाही. खंड, पुस्तक, प्रकरण एवढंच लिहायचं. लॉर्ड ऑफ द रिंग्ज १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं पण आत ते सहा पुस्तकांत विभागलेलं आहे आणि प्रत्येक पुस्तकात प्रकरणांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून नुसतं "प्रकरण २" लिहिलं तर कुणालाच कळणार नाही. "खंड १, पुस्तक २, प्रकरण २" असं लिहायचं आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहायचं.

आवृत्ती पण बघावी लागते. द हॉबिट १९३७ ला आलं, त्यात पाचव्या प्रकरणात अंधारात राहणारा गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो, आणि ती सापडत नाही म्हटल्यावर कथेचा नायक बिल्बोला नीट वाट दाखवतो. पुढच्या पुस्तकांत अंगठीचा अर्थच बदलला म्हणून टॉल्किनने हे प्रकरण बदललं आणि १९५१ च्या आवृत्तीत आज आपण वाचतो तो गॉलम आला. पण त्यांनी जुनी हकीकत पुसून टाकली नाही, लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या प्रास्ताविकात ती बिल्बोने आधी सांगितलेली खोटी गोष्ट म्हणून कथेतच बसवली. म्हणजे गॉलमच्या पानावर दोन्ही आवृत्त्या यायला पाहिजेत, सालासकट. असलं काही सापडलं की मला फार आनंद होतोय, कारण लेखक आपल्याच जगाची दुरुस्ती कशी करतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

मराठी अनुवाद वापरायचा तर वापरा, पण शंका आली की मूळ उघडून बघायचं. पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे वाचनालयाचं सभासद व्हा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, आपल्या गावात वाचनाची परंपरा आजची नाही. तिथे पाहिजे ते पुस्तक नसलं तर मागणी नोंदवून बघा.

नोंद कशी करायची

विकी नंतर. आधी एक शीट उघडायची, गूगल शीट चालतंय, आणि त्यात रकाने असे: नाव, पुस्तकात काय सांगितलंय, पावती, थेट की अंदाज, नोंद कुणाची, तपासली कुणी. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, म्हणून वाचताना शेजारी साधी वही ठेवा आणि शीटमध्ये नंतर भरा.

"थेट की अंदाज" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो एका नोंदीवर दाखवतो. हॉबिटमध्ये मर्कवुड नावाच्या जंगलातल्या एल्व्ह लोकांचा राजा आहे, तो बुटक्यांना (ड्वार्फ लोकांना) कैदेत टाकतो. पुस्तकभर त्याला फक्त एल्व्हनकिंग म्हटलंय, नाव कुठेच नाही. म्हणून पहिली नोंद अशी:

एल्व्हनकिंग. मर्कवुडचा राजा, बुटक्यांना कैद करतो, नाव दिलेलं नाही. हॉबिट. थेट.

पुढे लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये एलरॉंडच्या सभेत लेगोलस येतो आणि तो उत्तर मर्कवुडच्या एल्व्हांचा राजा थ्रँडुइल याचा मुलगा असं सांगितलं जातं. दुसरी नोंद:

थ्रँडुइल. उत्तर मर्कवुडचा राजा, लेगोलसचा बाप. खंड १, पुस्तक २, प्रकरण २. थेट.

आता हे दोघे एकच आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, पण पावती कुठाय? त्याच प्रकरणात आहे. लेगोलस गॉलमला कैदेत दया दाखवल्याचं सांगतो तेव्हा ग्लोइन भडकून म्हणतो की माझ्या बाबतीत तुम्ही एवढे दयाळू नव्हता, आणि त्याला एल्व्हनकिंगच्या तळघरातली आपली कैद आठवते. ग्लोइन हॉबिटमधल्या तेरा बुटक्यांपैकी एक. म्हणून तिसरी नोंद:

एल्व्हनकिंग आणि थ्रँडुइल एकच. खंड १, पुस्तक २, प्रकरण २, ग्लोइनचं बोलणं. अंदाज, पक्का.

बघा, एका साध्या वाक्यामागे तीन नोंदी आल्या. सुरुवातीला हे किचकट वाटतंय, पण याच सवयीमुळे पुढे भांडणं होत नाहीत, कारण कोणी म्हणालं की असं कुठे लिहिलंय तर शीट उघडायची आणि दाखवायचं, विषय संपला. अंदाजाचे आम्ही दोनच प्रकार ठेवलेत, पक्का आणि कच्चा. कच्चा अंदाज मुख्य पानावर जात नाही, त्यासाठी "वाचकांचे तर्क" असं वेगळं पान ठेवायचं. तर्क करणं वाईट नाही, निम्मी मजा त्यातच आहे, फक्त ते पुस्तकातल्या गोष्टींत मिसळायचे नाहीत.

कुणाचं खरं मानायचं

पुस्तकं, परिशिष्टं, लेखकाची पत्रं, मुलाखती, लेखक गेल्यावर आलेली पुस्तकं, सिनेमे, सिरीज, गेम. यांचा क्रम पहिल्या महिन्यातच लिहून ठेवा. आमचा क्रम साधा आहे: लेखकाच्या हयातीत छापलेली पुस्तकं आधी, मग मरणोत्तर पुस्तकं, मग पत्रं-मुलाखती, आणि सिनेमा-सिरीज पूर्ण वेगळ्या भागात.

सिनेमाचं का वेगळं, तर लोकांच्या डोक्यात सिनेमाच बसलेला असतो. सिनेमात लॉर्ड ऑफ द रिंग्जचा नायक फ्रोडो जखमी होतो तेव्हा त्याला घोड्यावर घेऊन आर्वेन पळते, पुस्तकात तो ग्लोरफिंडेलच्या घोड्यावर एकटा जातो. हॉबिटच्या सिनेमात लेगोलस आहे, पुस्तकात नाही. टॉरिएल हे पात्र तर सिनेमासाठीच तयार केलेलं. नवीन येणारा माणूस हे सगळं अगदी प्रामाणिकपणे मुख्य पानावर घालतो. त्याच्यावर चिडायचं नाही, "सिनेमात" असा भाग पानाच्या खाली तयार ठेवायचा आणि त्याचं वाक्य तिकडे हलवायचं.

मरणोत्तर पुस्तकांचं प्रकरण जास्त अवघड आहे. टॉल्किन गेल्यावर १९७७ ला आलेल्या सिलमरिलियनमध्ये गिल-गालाड हा एल्व्ह राजा फिंगॉनचा मुलगा असं छापलंय. ते पुस्तक वडिलांच्या हस्तलिखितांवरून ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी संपादित केलं, आणि १९९६ ला आलेल्या त्यांच्या "हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ" मालिकेच्या बाराव्या खंडात त्यांनीच लिहिलं की तो निर्णय बरोबर नव्हता, वडिलांचा शेवटचा विचार गिल-गालाड हा ओरोड्रेथचा मुलगा असा होता. आता पानावर काय लिहायचं? दोन्ही लिहायचं, साल घालून, आणि वंशावळीच्या चित्रात छापील पुस्तकाप्रमाणे दाखवून खाली टीप द्यायची. आपण न्यायाधीश व्हायचं नाही, वाचकासमोर दोन्ही कागद ठेवायचे.

लेखक हयात असेल आणि मालिका चालू असेल तर मुलाखतीतलं वाक्य "लेखकाने अमुक साली असं सांगितलं" असंच लिहा, पुढच्या पुस्तकात तो बदलू शकतो.

नावांची यादी

एकच नाव चार जण चार तऱ्हेनं लिहितात. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक यादी करा: मूळ इंग्रजी नाव, आपण ठरवलेलं देवनागरी रूप, छापील मराठी अनुवादात वेगळं असेल तर ते, आणि कन्नड मित्रांसाठी कन्नड लिपीतलं रूप. उच्चाराबद्दल लेखकाने काही लिहिलं असेल तर तेच धरायचं, टॉल्किनने तर परिशिष्टात उच्चारांचे नियमच दिलेत. एकदा ठरलं की यादी सांभाळणाऱ्याचा शब्द शेवटचा.

इथे देवनागरीची एक तांत्रिक खोच आहे जी बहुतेकांना उशिरा कळते. ॲरागॉर्नमधला "ॲ" दोन-तीन तऱ्हेनं टाईप होतो, काही कीबोर्डवर ते एकच अक्षर येतं, काहींवर "अ" ला वर चंद्र जोडून, आणि कधी मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर घालून. दिसायला सगळं सारखंच, पण विकीला ती वेगवेगळी पानं वाटतात. तेच "ऱ्या", "ऱ्हा" यांच्या बाबतीत. म्हणून नाव हाताने टाईप करायचंच नाही, यादीतनं कॉपी करून पेस्ट करायचं. आणि जी जी चुकीची रूपं लोक शोधतील त्यांच्यावरनं मूळ पानाकडे पुनर्निर्देशन (आपोआप तिकडे नेणारी सोय) लावायचं, मीडियाविकीत (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) ते एका ओळीचं काम आहे.

विकी कुठे उघडायचा

शीटमध्ये एका पुस्तकाच्या नोंदी पूर्ण आणि तपासून झाल्या की मगच. आधी विकी उघडून रिकामी पानं करत बसलात तर दोन महिन्यांत सगळे कंटाळतात.

विकी उघडायला जागा देणारी फॅन्डम आणि मिराहेझ अशी दोन संकेतस्थळं आहेत. फॅन्डमवर फुकट आणि पटकन होतंय, पण जाहिराती असतात. मिराहेझवर जाहिराती नाहीत, अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. दोन्हीकडे आत मीडियाविकीच आहे, म्हणजे विकिपीडिया ज्याच्यावर चालतो तेच, आणि त्याचा इंटरफेस मराठीत आहे. ज्याला काहीच येत नाही त्याने आधी मराठी विकिपीडियावर, जो २००३ पासून चालू आहे, आपल्या गावाचं किंवा तालुक्याचं पान थोडं सुधारून बघावं, हलशीचं, कित्तूरचं, गोकाक धबधब्याचं. संदर्भ कसा लावायचा, साचा काय, वर्ग काय, चर्चापान काय, इतिहास कुठे दिसतो हे सगळं तिथे हात मारूनच कळतं.

पात्रांसाठी एक, ठिकाणांसाठी एक, लढायांसाठी एक असे तीन साचे (ठरलेल्या माहितीच्या तयार चौकटी) आधी करा. जास्त नको.

पान लिहिताना

पहिल्या दोन वाक्यांत हा कोण आणि कुठल्या पुस्तकात येतो एवढं आलं पाहिजे, आणि त्या दोन वाक्यांत शेवट फोडायचा नाही. त्यानंतर पुस्तकांच्या क्रमाने भाग पाडा, म्हणजे दुसरं पुस्तक वाचणारा पोरगा दुसऱ्या भागापाशी थांबू शकतो. नंतर वंशावळ, मग आवृत्त्यांमधले फरक, मग सिनेमा. भूतकाळात लिहा. "महान", "अद्भुत", "अविस्मरणीय" असली विशेषणं गाळा, त्याने काय केलं ते लिहा, वाचकाला कळतंय.

कालक्रम वेगळ्या पानावर ठेवा आणि तो नेटाने करा, कारण मालिकेची खरी ताकद तिथे कळते. बिल्बोची मेजवानी २२ सप्टेंबर ३००१ ला, आणि फ्रोडो घर सोडतो ते ३०१८ च्या सप्टेंबरात, मध्ये सतरा वर्षं. सिनेमा बघितलेल्याला हे सांगितलं तर तो थक्क होतो. अंगठी नष्ट होते २५ मार्च ३०१९ ला. पण या तारखा आपल्या कॅलेंडरच्या नाहीत, शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, कॅलेंडरमध्ये प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि उरलेले दिवस महिन्यांच्या बाहेर, हे परिशिष्ट डीमध्ये आहे, तेव्हा कालक्रमाच्या पानावर वरच ते सांगा. ज्या मालिकेत तारखाच नाहीत तिथे "सभेनंतर तिसऱ्या दिवशी" असं एकमेकांच्या आधाराने लिहायचं, मनाने तारीख घालायची नाही.

एआयला विचारून पानं भरू नका. ते अगदी ठामपणे नसलेलं प्रकरण सांगतं, नसलेला भाऊ तयार करतं, आणि ती पावती तपासायला जितका वेळ जातो तेवढ्यात प्रकरण वाचून होतंय.

कॉपीराइट

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. भारतात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात. टॉल्किन १९७३ ला गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क अजून चालू आहेत, आणि अनुवादाचे हक्क वेगळे असतात.

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात हॅरी पॉटरच्या लेक्सिकनचा (संदर्भकोशाचा) खटला झाला. चाहत्यांचं ते संकेतस्थळ बरीच वर्षं चालू होतं, हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंग यांनी स्वतः त्याचं कौतुकही केलं होतं, पण त्याचं पुस्तक करून विकायचं ठरलं तेव्हा केस झाली. कोर्टाने म्हटलं की असे संदर्भकोश करायला हरकत नाही, पण यात मूळ पुस्तकांतली वाक्यं गरजेपेक्षा फार जास्त उचललीत, आणि ते पुस्तक थांबवलं. पुढे लेक्सिकनच्या लेखकाने स्वतःचं भाष्य वाढवून नव्याने लिहिलं आणि ते २००९ ला छापून आलं. आपल्यासाठी याच्यातनं निघणारा नियम सरळ आहे: माहिती घ्या, वाक्यं स्वतःची लिहा, अवतरण एखाददुसऱ्या ओळीचं आणि ते पण त्यावर काही बोलायचं असेल तरच. गाणी, कविता अख्ख्या उतरवायच्या नाहीत. पुस्तकातला नकाशा स्कॅन करून लावायचा नाही, आपल्यात चित्र काढणारं कोणीतरी असतंच, त्याच्याकडनं नवा काढून घ्या. मुखपृष्ठांचं, सिनेमातल्या फोटोंचं पण तेच.

इंग्रजी विकीवरचं पान मराठीत आणायचं असेल तर त्याचं लायसन्स बघा, बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सचं असतं, म्हणजे श्रेय द्यावं लागतं आणि आपलं पान पण त्याच अटीवर खुलं ठेवावं लागतं. तरी मी म्हणेन नुसतं भाषांतर करू नका, पावती स्वतः पुस्तकात बघा, कारण तिकडची चूक आपल्याकडे तशीच येते.

वाद, आणि गाव सोडून जाणारी माणसं

एकाने बदललं, दुसऱ्याने परत फिरवलं, असं दोनदा झालं की पान तिथेच थांबवून चर्चापानावर जायचं, आणि तिथे फक्त पावत्या ठेवायच्या. व्हॉट्सॲपवर वाद घालू नका, तिथलं बोलणं चार दिवसांत वर निघून जातं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला कळत नाही की असं का ठरलं. भाषेवरनं, गावावरनं कोणी टोमणा मारला तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचं. आपल्या सीमाभागात हे वेगळं समजावून सांगायला नको.

दर महिन्याला बॅकअप घ्या. मीडियाविकीत एक्सपोर्टचं विशेष पान असतं, तिथे पानांची नावं दिली की ती पानं एक्सएमएल फाईलमध्ये निघतात, आणि शीटची पण एक प्रत डाऊनलोड करून दोघांच्या लॅपटॉपवर वेगवेगळी ठेवा.

शेवटचं म्हणजे ॲडमिनचे हक्क. आपल्याकडची पोरं कॉलेज झालं की पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला जातात, आणि एकट्याच्या ईमेलवर सगळं असलं तर विकी तिथेच अडकतोय. सुरुवातीपासून तिघांना हक्क द्या, त्यातला एक तरी अकरावी-बारावीतला असूदे. नावांची यादी, पुराव्यांचा क्रम, पावती लिहायची पद्धत हे सगळं विकीवरच "नवीन आलेल्यांसाठी" या पानावर लिहून ठेवा, आणि जाणाऱ्याने जायच्या आधी आपल्याकडची अर्धवट प्रकरणं शीटमध्ये दुसऱ्याच्या नावावर करून द्यायची.